सात नंबरचा शिक्का

त्याने माझा कोट नाकाशी नेला. कॉलरचा वास घेतला. मग नानांकडे बघून म्हणाला, "धुतलाय ना हा?"

नाना म्हणजे आमच्या वर्कशॉपचे मालक. वास घेणारा त्यांचा पुतण्या. नानांनी टेबलाच्या खणातून सेंटची बाटली काढून त्याला दिली. माझ्यासमोर त्याने कोटावर फसाफसा सेंट मारलं आणि कोट अंगात घातला. खिशात माझा शिक्का होताच. नाना मला म्हणाले, "तू आज कँटीनमध्ये बस. पाहुणे गेले की ये."

जळगावच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप. तिथं विमानातल्या सीटचे ब्रॅकेट बनतात. सीट खालच्या पट्टीला धरून ठेवतो तो अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. आमच्याकडून माल पुण्याला जातो, पुण्याहून परदेशात. प्रत्येक ब्रॅकेटची भोकं, जाडी मोजायचं काम माझं. मोजून झालं की जॉब कार्डावर शिक्का. शिक्का ज्याचा त्यानेच मारायचा, हा या धंद्यातला पहिला नियम. माझा नंबर सात. चार वर्षं सात नंबर म्हणजे मी. आणि परदेशी कंपनीचा ऑडिटर बघायला आला, त्या दिवशी सात नंबर म्हणजे नानांचा पुतण्या. पाहुण्यांसमोर माझं आडनाव नको होतं. असं कुणी बोललं नाही. बोलायची गरजच काय?

कँटीनमधल्या अक्कांनी विचारलं, "तुना कोट कोठे शे?"

"दिला."

"कोनले?"

मी त्यांच्यासोबत लसूण सोलत बसले.

तासाभराने बोलावणं आलं. ऑडिटरने पुतण्याला एक ब्रॅकेट मोजून दाखवायला सांगितला होता. या बहाद्दराने मायक्रोमीटर शून्यावर आहे का, हेही न बघता आकडा ठोकून दिला. पहिल्या आठवड्यातला शिकाऊही असं करत नाही. नाना दारात माझ्या कानाशी म्हणाले, "हेल्पर म्हणून उभी राहा. मोजायचं तू. आकडा तो सांगेल."

मी गेले. होय, गेले. मी हळूच पुटपुटायची, तो मोठ्याने सांगायचा. त्याच्या अंगावरच्या सेंटने डोकं उठलं होतं. हे लिहितानाही अंगाची आग होते.

ऑडिटर बंगळूरचा, हिंदी बोलणारा. त्याने जुनी कार्डं टेबलावर मांडली आणि एकेक विचारू लागला. माझी नजर एका कार्डावर अडकली. सात नंबरचा शिक्का. तारीख चौदा एप्रिल.

चौदा एप्रिलला मी कामावर नसते. जयंतीला मी अमळनेरला, घरी. चार वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. सुट्टीवर जाताना नाना म्हणाले होते, शिक्का माझ्याकडे ठेवून जा. नियम माहीत असून मी मुकाट्याने ठेवला होता. त्या दिवशी माल गाडीत चढवायचा होता आणि मोजायला माणूस नव्हतं. म्हणजे पुतण्याने न मोजताच कार्डांवर माझा शिक्का मारून टाकला. मारताना तारखेकडे बघितलंसुद्धा नाही. आमचा एवढा मोठा दिवस, त्याच्या डोक्यातही नव्हता.

माझा चेहरा बघून नानांनी कार्ड पाहिलं. मला बाजूला घेतलं. "आत्ता बोलू नको. पुढे कुणी हजेरी काढून विचारलं तर सकाळी येऊन मोजून गेले म्हण. तुमचं नाचणं-बिचणं संध्याकाळीच असतं ना?" मग आवाज मऊ केला. "तुझ्यासारखीला मी खुर्ची दिली. विसरू नको."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. आधी प्रत्येक वेळी मान हलवली होती. आईला फोनवर सांगायची, नाना मोठ्या मनाचे आहेत! या वेळी त्यांची किळस आलीच, पण त्याहून जास्त माझ्या त्या मान हलवण्याची आली. डिप्लोमा मी केला. डोळे मी फोडले. आणि खुर्ची म्हणे यांनी दिली. उद्या एखादी सीट उखडली, कुणी जिवानिशी गेलं, तर शोधणार सात नंबरला. तेव्हा तो कोट धुतलाय की नाही, हे कुणी विचारणार नव्हतं.

मी टेबलापाशी गेले.

"सर, सात नंबर मैं हूँ। उस दिन मैं छुट्टी पर थी। ये पार्ट मैंने नहीं नापे।"

ऑडिटरने नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. त्याने लिहून घेतलं. शाबासकी नाही, काही नाही. त्याने त्या तारखेचा सगळा माल थांबवायला सांगितलं, एवढंच. मी पुतण्याच्या अंगावरच्या कोटात हात घातला आणि माझा शिक्का काढून घेतला.

आठवड्याच्या आत माझं काम गेलं. माल परत आला, ओव्हरटाइम बंद झाला, सोबतची माणसं रस्त्यात मान फिरवू लागली. मग भर मे महिन्यात पुतण्या अमळनेरला आमच्या घरी आला. हातात टाइप केलेला कागद. माझ्याकडून सांगण्यात चूक झाली, त्या दिवशी मी कामावर होते, असं त्यात लिहिलेलं. सही केली की परत कामावर.

आई म्हणाली, "त्याले पानी दे."

मी तांब्या-पेला समोर ठेवला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, ओठ सुकलेले. पेल्याकडे बघून म्हणाला, "तहान नाही."

मी कागद त्याच्या हातात परत दिला. सही न करताच.

पुण्याच्या कंपनीने आता चौकशीला बोलावलं आहे. मी जाणार आहे. एकटी जाणार आहे. यांना माझ्या हाताने मोजलेला माल चालतो, माझ्या हातचं पाणी चालत नाही. हेही तिथं सांगणार आहे. चार वर्षांची सगळी कार्डं समोर मागवून घेईन आणि प्रत्येकावर बोट ठेवून सांगेन, हे मी मोजलंय, हे मी मोजलेलं नाही. शेवटचं कार्ड होईपर्यंत मी उठणार नाही.