बड्या तलावावरचा संसार

माझे यजमान भोपाळच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसमध्ये होते. टर्बाइनच्या भागांची ड्रॉइंग काढायचे. ते भाग तयार होऊन कुठल्यातरी धरणाच्या पोटात जाऊन बसत आणि ह्यांना पुन्हा कधी दिसत नसत. याबद्दल ते कधी काही बोलले नव्हते. एका रविवारी चहा घेताना एकदम म्हणाले, "मी होडी बांधणार आहे. शिडाची."

"कुठे?" मी विचारलं.

"मागच्या अंगणात."

"आणि टोमॅटो?"

"ते हलवावे लागतील."

टोमॅटो हलले.

आमचं क्वार्टर इंद्रपुरीच्या बाजूला होतं. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये सगळी क्वार्टर्स एकसारखी, त्यामुळे कुणाकडे काही वेगळं घडलं की बातमी लगेच पसरायची. अशोका गार्डनच्या बाजारातून प्लायवूडचे तक्ते टेम्पोने आले, त्या संध्याकाळी शेजारचे सक्सेनाजी वगैरे सगळेच कुंपणापाशी जमले. "भाईसाब, समंदर तो यहाँ से बहुत दूर है," कुणीतरी म्हणालं. हे म्हणाले, "तालाब है ना."

होडीचं काम दोन-तीन हिवाळे चाललं. शीड मी माझ्या शिवणयंत्रावर शिवलं, तंबूवाल्याकडच्या जाड कापडाचं. ते खोलीत मावेना, म्हणून एक टोक यंत्राखाली, बाकीचं पॅसेजमधून स्वयंपाकघरात. त्या दिवसांत आम्ही शिडावरून चालत जाऊन जेवायला बसायचो.

होडी बाहेर काढायच्या दिवशी अख्खी गल्ली बघायला आली होती. ती फाटकात अडकणार अशी सर्वांची खात्री होती. पण ह्यांनी फाटकाचं माप सुरुवातीलाच घेतलं होतं. होडी दोन्ही बाजूंना चार बोटं जागा ठेवून सरळ बाहेर आली. लोक जरा वेळ थांबले आणि निराश होऊन घरी गेले.

बेत असा होता की दिवाळीला जोडून रजा घ्यायची आणि काही दिवस होडीतच राहायचं. भोपाळचा बडा तलाव पश्चिमेकडे लांबवर पसरलेला आहे. त्याच्या टोकापर्यंत जायचं, मुक्काम करत परत यायचं. सासूबाई नागपूरहून दिवाळीसाठी आल्या होत्या. त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं, असं आम्ही दबक्या आवाजात बोलत होतो, तर त्या आतून म्हणाल्या, "मी येऊन राहिली ना. चिवड्याचा डबा भरून ठेवला."

होडीला एक बुटकी केबिन होती. तिच्यात बसता यायचं, झोपता यायचं, उभं राहता यायचं नाही. स्टोव्ह पायरीवर ठेवायचा. अंघोळ, वेणीफणी आणि बाकी सगळ्यासाठी सकाळी काठाला लागायचं आणि झाडी शोधायची. चहूकडे पाणी असताना पाण्याचे कॅन घरून भरून नेले होते.

पहिल्या दिवशी वारा नव्हता. शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लटकत होतं. काठावरच्या रस्त्याने ह्यांच्या ऑफिसातले एक सहकारी स्कूटरवरून चालले होते. त्यांनी थांबून हाक मारली, "कहाँ जा रहे हैं, साब?" ह्यांनी पश्चिमेकडे हात केला. संध्याकाळी ते परत जाताना आम्ही तिथेच होतो. त्यांनी पुन्हा थांबून पाहिलं. ह्यांनी पुन्हा पश्चिमेकडे हात केला. ते भले गृहस्थ, हात हलवून निघून गेले. सासूबाई मात्र खूश होत्या. एका जागी बसून चिवडा खात रस्त्यावरची वर्दळ बघायची, यात त्यांना काहीच कमी वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे केले आणि वारा आला. होडी एकदम कलली. शिडाखालचा आडवा दांडा सर्रकन या बाजूचा त्या बाजूला गेला आणि जाताजाता कढई घेऊन गेला. पोहे काही वेळ पाण्यावर तरंगत आमच्या मागे राहिले.

"आई, तू वरच्या बाजूला सरक," हे ओरडले. सासूबाई सरकल्या. त्या चांगल्या वजनदार होत्या. होडी सरळ झाली आणि पाणी कापत पळायला लागली. इतकं छान वाटलं मला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हिरवट पडला होता. ओठ घट्ट मिटलेले.

"काय होतंय?"

"काही नाही."

मग ते कडेला वाकले. पुढचा बराच वेळ ते तसेच वाकलेले होते.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "लहानपणी पाळण्यातसुद्धा ओकायचा हा. रामटेकच्या मोटारीत तर विचारू नको."

"अहो आई, मग आधी का नाही सांगितलंत? इतकी वर्षं बांधत होते."

"मला वाटलं, नावेचं वेगळं असेल."

सुकाणू मोकळं झालं होतं, ते मी धरलं. यात धाडस वगैरे नव्हतं. कुणीतरी धरायला हवं होतं आणि सासूबाईंना जागेवरून हलवणं धोक्याचं होतं. हे केबिनमध्ये आडवे पडले आणि डोळे मिटून सूचना देऊ लागले. त्यांनी पुस्तकं वाचून सगळा अभ्यास केला होता.

"शिडाची दोरी ढिली सोड. आता सुकाणू उजवीकडे घे."

"तुमच्या उजवीकडे की माझ्या?"

आतून बादलीचा आवाज आला.

हळूहळू मला सूचना लागेनाशा झाल्या. वारा गालाला कुठून लागतोय ते कळायचं, पाणी दूरवर काळसर झालं की आता झोत येणार हे कळायचं, आणि मी नुसतं "आई" म्हटलं की सासूबाई सरकायच्या. वनविहार प्राणिसंग्रहालयाच्या काठाने जाताना झाडीतून सिंह ओरडला. सासूबाईंनी नमस्कार केला. दुपारपर्यंत आम्ही तलावाच्या टोकाला पोहोचलो आणि तिथल्या गाळात रुतून बसलो. दोन मासेमारांनी दोर लावून आम्हाला बाहेर ओढलं. त्यांनी होडीचा तळ वाकून पाहिला आणि विचारलं, "किसने बनाई?" मी केबिनकडे बोट दाखवलं. "अच्छी बनाई है," ते म्हणाले.

काठावर उतरताच ह्यांचा चेहरा पूर्ववत झाला. ते बाभळीखाली होडीकडे पाठ करून बसले. मी शेजारी जाऊन बसले.

"गोळी मिळते म्हणे यावर," मी म्हटलं.

"सकाळी दोन घेतल्या होत्या."

आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण त्यांना इतकं उदास मी पाहिलं नव्हतं. मग त्यांनीच विचारलं, "कशी चालते गं?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. सुकाणू हाताला हलकं लागतं, कललेली होडी आपणहून सरळ व्हायला बघते, वळताना मात्र डावीकडे जरा ओढते. ते ऐकत होते. मध्येच त्यांनी काडी उचलून मातीत होडीचा आडवा छेद काढला. "म्हणजे तळाचा कणा किंचित तिरका बसलाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला होता.

ते गावातून बस पकडून घरी गेले. बसमध्येही त्यांना त्रास झालाच. मी आणि सासूबाईंनी मुक्काम करत होडी परत आणली. वाटेत आम्ही जेवढं बोललो तेवढं त्याआधी कधी बोललो नव्हतो. मुख्यतः ह्यांच्याबद्दलच.

पुढे दर दिवाळीला हेच ठरून गेलं. आम्ही दोघी पाण्यातून जायचो आणि हे स्कूटरवरून काठाकाठाने. संध्याकाळी ठरलेल्या जागी ते डबा आणि अवजारांची पेटी घेऊन उभे असायचे. आम्ही जेवायचो, तोवर ते होडीच्या बुडाशी वाकून काहीतरी घट्ट करायचे. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा ह्यांनी होडीत पाठ असलेली सरकती बैठक करून दिली. त्या बसल्या, या बाजूने त्या बाजूला सरकून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाठ थोडी सरळ करून दे." ह्यांनी ती काढली आणि सरळ करून दिली.