देवापुढच्या शिळेचे ठोके

देवावर माझी श्रद्धा बाळपणापासूनची. परंतु चमत्कारांच्या गोष्टी सांगणाऱ्यांपासून मी सदैव चार हात दूरच राहिलो. आज मीच तसे काही लिहीत आहे!

ऐंशीच्या दशकाचा आरंभ. आंबागडच्या किल्ल्याखाली विष्णूचे लहानसे देवालय, पूजा माझ्याकडे. एका प्रातःकाळी देवापुढच्या काळ्या शिळेवर दंडवत घातला, तो पोटाखाली शिळा धडधडू लागली — संथ, नियमित, जणू पाषाणात प्राण संचारला! अश्रू आवरेनात. पुढे नित्य तेच. माझी सहधर्मचारिणी विमल हिने मी विहिरीवर स्नानास गेलो असता शिळेवर तळहात ठेवून पाहिला. तिलाही ठोके लागले! मग शंका कसली?

त्याच सुमारास विमलला अर्दित झाले — अर्धा चेहरा लुळा, डावा डोळा मिटेना, चूळ भरताना पाणी ओघळे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासले. चेहऱ्याची नस सुजली आहे, औषधाने उतरेल, म्हणाले. हर्षाच्या भरात मी त्यांना शिळेची वार्ता सांगितली. ते हसले नाहीत. मलाच टेबलावर निजवून त्यांनी बेंबीच्या वर हात ठेवला. तो हात ठोक्यागणिक उचलला जाऊ लागला.

"तोंड माह्यं वाकडं, अन् पोट यायचं तपासून रायले," विमल पुटपुटली.

"शास्त्रीजी, ठोके दगडाचे नाहीत, तुमचे आहेत," डॉक्टर म्हणाले. "पोटातली मोठी धमनी फुगली आहे. फुटली तर वाचवायला वेळ मिळणार नाही. दंडवत बंद."

मी खट्टू झालो. विमल मात्र अडून बसली. "मंग माह्या हाताले कसे लागले? हे तं तवा विहिरीवर होते."

डॉक्टरांनी नागपूरच्या शल्यचिकित्सकांना चिठ्ठी लिहायला घेतली.

तेथे धमनीचा तो भाग काढून कृत्रिम नळी बसवली. आणखी उशीर झाला असता तर धमनी फुटली असती, असे तेथले शल्यचिकित्सक म्हणाले.

परतलो तेव्हा विमलचा चेहरा पुष्कळसा सरळ झाला होता. मला वाकण्याची अनुज्ञा नव्हती. म्हणून तिनेच शिळेवर हात ठेवला. मी लेकरासारखा अधीर — काही लागते का?

"चूप हाय," ती म्हणाली. "अन् चूपच राहो."

माझे ठोके कळले. तिच्या तळहाताखालचे कोणाचे होते, हे मी शास्त्रांत धुंडाळले, डॉक्टरांना पुन्हा विचारले... उत्तर नाही. ती मात्र अजूनही आधी शिळेला हात लावून पाहते, मगच मला नमस्कार करू देते.