सोनीच्या नावाची मूठ

देवाचं सगळं करूनसुद्धा जिच्या मनातली धास्ती जात नाही, अशी मी बाई. आजही लेकीला घरी यायला जरा उशीर झाला की मी दारात येरझाऱ्या घालते आणि ती आली की उगीच तिच्यावरच डाफरते. पण ज्या श्रावणाबद्दल सांगायचं आहे, तेव्हाची धास्ती वेगळी होती. तेव्हा पोरगी माझ्या मांडीवर असायची, आणि तरी ती माझ्याजवळ आहे असं वाटत नसे.

सुरतेत प्लेग आला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही मूळचे खानदेशातले. सुरतेतच डिंडोलीत दोन खोल्यांत राहायचो. हे कापडाच्या लूमवर पाळीला जायचे. घरात सासूबाई, धाकटे दीर आणि आमची सोनी. सोनी तेव्हा चार वर्षांची होती. एकदा वेणी घालताना ती अगदी सहज म्हणाली, "तू आई आहेस. माझी बा तिकडे आहे, आमच्या घरी." गुजराती पोरं आईला बा म्हणतात, त्यांच्यात खेळून उचललं असेल, असं म्हणून मी हसले. पण ते तिथे थांबलं नाही. त्या घरात हिंचको म्हणजे झोपाळा आहे, त्याच्या साखळीला पितळेचे पोपट आहेत, मागे ऊस आहे, आणि गरम गुळासारखा वास येतो, असं ती रोज काही ना काही सांगू लागली. आणि एक दिवस म्हणाली, "तिथे मला खूप ताप आला. मग मी इकडे आले."

शेजारीण ऐकत होती. ती हळूच म्हणाली की मागच्या जन्मीचं आठवणारी पोरं फार दिवस राहत नाहीत, आपल्या जागी निघून जातात. तिचं काय जातं बोलायला? माझी मात्र झोप उडाली. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "ऊस आणि गुळाचा वास म्हणजे बारडोलीकडचंच काहीतरी. तिथे साखर कारखाना आहे. सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन जाऊन येऊ, मनातलं निघून जाईल." मी म्हटलं, "बारडोलीचं नाव काढलंत तर मी माहेरी जाऊन बसेन." खरं तर तिथे जाऊन ते घर सापडेल, याचीच मला भीती होती. मी सोनीचं बाहेर खेळणं बंद केलं. गळ्यात काळा दोरा बांधला. ती बा म्हणाली की मी मोठ्याने दुसरंच काही बोलू लागायची.

श्रावण लागला आणि तिला ताप भरला. औषधाने ताप उतरला, पण पोरीने अन्न सोडलं. घोटभर दूध घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. "मग मी इकडे आले," हे तिचं बोलणं माझ्या कानातून जाईना. आता ही इकडून कुठे जाईल, एवढंच मला सुचत होतं.

तेवढ्यात कानबाई आली. आम्हा खानदेशी लोकांची ही माय, श्रावणातल्या एका रविवारी घरी येते आणि सोमवारी नदीवर जाते. तिच्या नैवेद्याला रोट करतात. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा आणि त्याचाच रोट करायचा. तो फक्त आपल्या भाऊबंदांनी खायचा. कितीही जिव्हाळ्याचा शेजारी असला तरी त्याला द्यायचा नाही.

सासूबाई गहू मोजत होत्या. ही ह्यांची, ही दिरांची. सोनी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. बऱ्याच दिवसांनी ती आपणहून उठली होती. "माझी मूठ?" तिने विचारलं.

"पोरीसनी मूठ नही ऱ्हास माय," सासूबाई हसून म्हणाल्या. "त्या दुसराना घरन्या."

त्यांच्या मनात काही नव्हतं. पोरींची मूठ नसते, त्या दुसऱ्याच्या घरच्या, असं आमच्याकडे सगळ्याच आज्या बोलतात. सोनी पुन्हा जाऊन पडली. माझ्या मनाने मात्र एकच घेतलं, की रोट खाईल तो आपल्या कुळाचा. मी कानबाईपुढे पदर पसरला. माय, हिच्या पोटात तुझा एक घास जाऊ दे आणि ते दुसरं घर हिच्या डोक्यातून पुसून टाक.

रविवारी आरती झाली. मी सोनीला मांडीवर घेऊन घास भरवायला गेले. तिने तोंड मिटलं. मी गाल दाबून घास आत घातला. तिने तो थुंकला आणि म्हणाली, "हे तुमच्या घरचं आहे." सासूबाईंनी खाली पडलेला घास उचलला, कपाळाला लावला आणि माझ्याकडे न बघता स्वतःच्या तोंडात टाकला. देवीचा रोट पोरीने थुंकला, आता काय होणार, या विचाराने मी रात्रभर जागी राहिले.

सोमवारी आम्ही तापीवर गेलो. मी रोटाचा तुकडा पदराला बांधून घेतला होता. नदीवर जाऊन तरी ही खाईल, ही आशा. घाटावर वस्तीतल्या बायका डोक्यावर कानबाई घेऊन नाचत होत्या, फुगड्या चालल्या होत्या. मी वाकून नमस्कार करायला सोनीला क्षणभर खाली ठेवलं. डोकं वर केलं तर सोनी नाही.

ते पुढचं मला नीट आठवतही नाही. मी पाण्याकडे धावले, बायकांना ढकललं, तिच्या नावाने हाका मारल्या. घेऊन गेली, असं मनात येत होतं. कोण घेऊन गेली, ते मनातसुद्धा म्हणवत नव्हतं.

ती महादेवाच्या देवळाच्या पायरीवर सापडली. एका अनोळखी गुजराती बाईच्या मांडीवर, तिच्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती. बाई माझ्यापेक्षा वयाने मोठी, पांढरी साडी नेसलेली, हातात बेलाची पानं. मला बघून म्हणाली, "रडो नहीं, बेन. छोकरी अहीं ज छे." मग सोनीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, की श्रावणातल्या सोमवारी मी बारडोलीहून दर्शनाला येते, ही आपणहून आली, बा म्हणाली आणि मांडीवर बसली. पुढे ती म्हणाली, "मारी पण एक हती. ताव मां गई." माझीही एक होती, तापात गेली.

माझ्या जिभेवर प्रश्न आला होता. तुमच्या घरी झोपाळा आहे का? साखळीला पोपट आहेत का? मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्याची पोर घटकाभर मांडीवर आली, एवढ्यानेच तिचे डोळे भरले होते. मी महिनाभर जिला भीत होते, ती ही असेल तर ही माझ्यासारखीच एक आई होती, फक्त हिची मांडी रिकामी होती. मी प्रश्न गिळला. मनात म्हटलं, माय कानबाई, पोरगी तुझी आहे. तिला कुणाकुणाची करायची ते तू बघ. माझ्याच्याने आता धरून ठेववत नाही.

आणि मी पदराची गाठ सोडून रोटाचा तुकडा त्या बाईच्या हातावर ठेवला. मागे सासूबाई येऊन उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी त्या बाईकडे बघून हात जोडले.

बाईने तुकडा कपाळाला लावला. "छोकरी भूखी छे," ती म्हणाली, आणि तो मोडून आधी सोनीच्या तोंडाशी नेला. सोनीने तो खाल्ला. मग माझ्याकडे हात पसरून म्हणाली, "आई, अजून दे."

बाईने तिला उचलून माझ्या कडेवर दिलं. तिचं नाव, पत्ता मी विचारला नाही. पुढे कित्येक श्रावणांत मी त्या पायरीकडे पाहिलं, पण ती पुन्हा दिसली नाही. सोनी हळूहळू जेवू लागली. झोपाळा, पोपट, ऊस यांचं बोलणं कमी होत गेलं आणि शाळेत जायच्या आधी थांबलं. आता विचारलं तर तिला काही आठवत नाही. खरं काय होतं, ते मला माहीत नाही, आणि कळावं असंही वाटत नाही. धास्ती माझ्या स्वभावातच आहे, ती येते. आली की मी तेच म्हणते, माय, तुझी आहे, तू बघ. मग थोडं निभावतं.

दुसऱ्या वर्षी कानबाईला सासूबाई गहू मोजायला बसल्या. ह्यांची मूठ झाली, दिरांची झाली. मग त्यांनी आणखी एक मूठ घेतली आणि म्हणाल्या, "ही सोनीनी." त्यांनी पुन्हा पोत्यात हात घातला आणि एक मूठ कुणाचंही नाव न घेता सुपात टाकली.