सर लिहायला बसले

भोरला आमच्या संस्थेचं ऑफिस एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. डोंगरातल्या गावांसाठी काहीतरी चांगलं करणं हे संस्थेचं काम, आणि ते काहीतरी म्हणजे काय हे ठरवायला बैठका बोलावणं हे माझं. निरोप द्यायचे, चहा सांगायचा आणि बैठक संपली की इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ असं टाकायचं. त्यात खोटं काहीच नसे. चर्चा इतकी सविस्तर होई की खालचा दुकानदार शटर ओढताना वर येऊन आमची चौकशी करून जाई.

संस्थेचे अध्यक्ष सर. मला कॉलेजात त्यांनीच शिकवलेलं. सरांचं बोलणं ऐकत राहावं असं, आवाज भारदस्त, वाक्यं लांबलचक आणि शेवटी बरोबर जागेवर येणारी. ते बोलत असताना मधेच ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारणं म्हणजे कुणाच्या गाण्याच्या मैफलीत उठून पंखा बंद करण्यासारखं होतं. ते आजवर कुणी केलं नव्हतं.

एका लग्नात सरांना पुण्याच्या पाहुण्यांनी नाचणीच्या बिस्किटांचा पुडा दिला. तो पाहून सरांना डोंगरातलं, नाचणी पिकवणारं हिर्डोशी गाव आठवलं. लगेच बैठक झाली आणि त्या एका संध्याकाळीच हिर्डोशीत बिस्किटांचा कारखाना उभा राहिला. सभासदांमधल्या वकिलांनी पुड्याचा रंग सुचवला, औषधांच्या दुकानदारांनी बिस्किटाला नाव दिलं, एकांनी तर परदेशी पाठवताना काय अडचणी येतील याचीही काळजी व्यक्त केली. भट्टी कुठे बसणार हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही. कल्पनेचं सर्वांनी स्वागत केलं असं मी लिहून टाकलं.

संस्थेला मदत करणाऱ्या मुंबईच्या एक वयस्कर बाई आहेत. त्यांना सरांनी फोनवर सगळं ऐकवलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच मागितलं की कारखान्यातला एक दिवस कसा जाईल ते साध्या मराठीत लिहून पाठवा. नाचणी घरातून निघते तिथपासून पुडा गाडीत चढतो तिथपर्यंत. चित्रं नकोत, मुद्दे नकोत, आणि लिहायचं अध्यक्षांनीच.

सरांना हे किरकोळ वाटलं. मी सांगतो, तू लिहून घे, असं ते म्हणाले. पण मला भाचीच्या लग्नाला माहेरी, विंझरला जायचं होतं. मग सर म्हणाले की काही हरकत नाही, चहा होईपर्यंत मीच उरकतो.

लग्न उरकून मी परत आले तर सर माझ्या टेबलाशी बसले होते. केराची टोपली कागदांनी भरली होती. समोरच्या कागदावर एकच वाक्य होतं: ‘सकाळी गावातील स्त्रिया घरात शिल्लक राहिलेली नाचणी घेऊन केंद्रावर येतील.’

सरांनी बोट ‘शिल्लक’वर ठेवलं. ‘हा शब्द मी भाषणात किती वेळा वापरला असेन. कधी अडला नाही. लिहिला आणि पुढे जाताच येईना. कुणाकडे आहे गं शिल्लक?’

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं की बैठकीत कुणी तसं विचारलं नाही.

‘कसं विचारतील? मी बोलतो तेव्हा तुम्ही माना हलवता. कागद मान हलवत नाही.’

दुसऱ्या दिवशी आम्ही सरांच्या गाडीतून हिर्डोशीला गेलो. गावाच्या वरच्या वाडीतून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन उतरत होत्या. सरांनी अदबीनं विचारलं की तुमच्याकडे खाऊन पिऊन नाचणी किती उरते.

बाईंनी पाटी कठड्यावर टेकवली. ‘उरती कशाची? आमी खातो की ती. ती इकून दुकानातनं काय आणायचं मग?’

मग सरांनी पाटीत काय आहे ते विचारलं. दळण होतं. वाडीत गिरणी नव्हती, खालच्या गिरणीवर वीज असेल तर दळून मिळे, नसेल तर तिथंच बसून राहायचं. एसटीचा भरवसा नसल्यानं सगळं चालतच. बाईंनी हे काही गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं आणि पाटी उचलून निघाल्या.

परतीच्या वाटेवर सरांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागले. या वेळी अडले नाहीत. कारखाना गेला, वाडीतल्या घरगुती गिरणीचा कागद तयार झाला. त्यात एकही लांब वाक्य नव्हतं. मुंबईच्या बाईंनी होकार दिला.

इथवर ठीक होतं. पण सरांना आता लिहिण्याचा नाद लागला. लिहिल्याशिवाय कुणाला काही कळत नाही असा त्यांचा सिद्धांत झाला आणि बैठकीत विषय मांडायचा तर आधी एक पान आणायचं असा नियम आला. खुर्च्या बदलायच्या तरी पान. चहाऐवजी कोकम सरबत हवं तरी पान. निम्म्या सभासदांचे विषयच संपले. वकिलांनी मात्र सुंदर पानं आणायला सुरुवात केली. मग औषधांच्या दुकानदारांनीही. दोघांच्या पानांत ‘सर्वसमावेशक’ आणि ‘बहुआयामी’ इतक्या एकसारख्या जागी येऊ लागले की मला गंमत वाटे. मोबाईलला सांगितलं की तो लिहून देतो, हे मला माझ्या मुलीनं दाखवलं तेव्हा उलगडा झाला.

एकदा सरांनी वकिलांना त्यांच्याच पानातलं तिसरं वाक्य समजावून सांगायला सांगितलं. वकिलांनी चष्मा लावून ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विचारपूर्वक म्हणाले, ‘लिहिणाऱ्याचा हेतू चांगला दिसतो.’

तेव्हापासून पान बैठकीतच, पेनानं, सगळ्यांसमोर लिहायचं असं ठरलं. अर्धा तास खोलीत फक्त पंख्याचा आवाज असतो. बरीच पानं कोरीच परत येतात आणि त्या दिवशी आम्ही लवकर घरी जातो. खालचा दुकानदार म्हणतो, संस्था बंद पडली की काय.

वाडीत गिरणी सुरू झाली. चालवायला बाया आहेत, वीज गेली की ती थांबते, आली की चालते. मध्यंतरी गुंजवणी धरणाच्या बाजूला काम सुरू करायचं निघालं तेव्हा सरांनी ते पान मला लिहायला सांगितलं. ‘धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांना’ एवढं मी झोकात लिहिलं. पुढे काय हवं आहे ते मला लिहिता येईना. शब्द पुष्कळ सुचत होते, पण एकही खरा वाटेना. मी पेन ठेवलं, सरांना म्हटलं की मला आधी तिकडे जाऊन यावं लागेल, आणि सकाळी स्कूटी काढली.