रूथमावशीचं मागचं दार

रूथमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. फोनवर तिच्या शेजारच्या कुसुमवहिनी. "भाऊ, मावशी उठंनात. तुम्ही या," एवढंच बोलल्या. अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून मी स्कूटर काढली आणि शरणपूर रोडवरच्या तिच्या घरी पोचलो. साठी उलटलेल्या माणसानं अशा वेळी सख्ख्या मावशीच्या दारात काय करावं? मी बेल वाजवली. पुढच्या दाराची. ती बेल बंद पडून कैक वर्षं झाली हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी वाजवली, दोन पावलं मागं सरकलो, शर्ट सारखा केला आणि वाट बघत उभा राहिलो... आतून कुसुमवहिनींचा रडवेला आवाज आला, "भाऊ, आज तरी मागून या हो." मावशी असती तर तीही हेच म्हणाली असती. फक्त रडवेली झाली नसती.

रूथमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा तिनं घरातच खानावळ काढली. कळवण-सटाण्याकडून नाशिकला शिकायला आलेली पोरं तिच्याकडे जेवायची. पुढच्या दारानं आली की बाहेरच्या खोलीत चपलांचा चिखल व्हायचा, म्हणून तिनं त्यांना स्वयंपाकघराच्या दारानं यायची सवय लावली. मग त्याच दारानं दूधवाला, भाजीवाली, शेजारणी आणि होता होता आमच्या चर्चचे पाळकसाहेबसुद्धा येऊ लागले. पुढच्या दाराचा उपयोगच उरला नाही, तेव्हा तिनं आतून त्याला भांड्यांचं लोखंडी कपाट टेकवून टाकलं. पुढच्या दारानं पाहुणे येतात, म्हणायची, आणि पाहुण्यांचा मला कंटाळा. पुढे खानावळ बंद झाली, पण कपाट जागचं हललं नाही. सगळी दुनिया मागून यायची आणि मी एकटा पुढे उभा राहून आधी बेल, मग कडी वाजवायचो. मावशी आतून ओरडून विचारायची, "कोण पाहुणे आलेत गं बाई?" पाहुणे कोण आहेत हे तिला बरोबर माहीत असायचं.

यात माझा तरी काय दोष, सांगा. माझा जन्म गेला सरकारी कचेरीत, साहेबांच्या केबिनबाहेर. आत जायचं तर आधी शिपायाला विचारायचं, साहेबांचा मूड कसा आहे, मग दार जरासं ढकलून नाक तेवढं आत घालायचं. अशा कचेरीत एकदा मी विसरलेला डबा घेऊन मावशी आली. शिपाई 'अहो बाई, अहो बाई' करत मागं धावतोय आणि ही थेट साहेबांच्या केबिनमध्ये! आमचा शांतू कुठं बसतो, म्हणून तिनं साहेबांनाच विचारलं. माझं नाव शांतवन. कचेरीत मला सगळे अदबीनं शांतवनराव म्हणत. साहेब स्वतः उठून तिला माझ्या टेबलापर्यंत घेऊन आले आणि जाताना म्हणाले, शांतू, जेवून घ्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. मावशीला विचारलं, असं न विचारता आत जातात का? ती म्हणाली, दार उघडंच होतं की.

देवाकडेही ती अशीच जायची. डोळे मिटून, हात जोडून, आवाज खाली आणून बोलणं तिला जमलंच नाही. कणीक मळता मळता सुरू व्हायची, "बापा, मी रूथ." पुढे काय वाट्टेल ते. गॅस संपत आलाय, गुडघा ठणकतोय, लासलगावला कांद्यानं डोळ्यांत पाणी आणलंय, आणि पाळकसाहेबांचा उपदेश गेल्या रविवारी फार लांबला, तेवढं त्यांना सुचव. मध्येच मला म्हणायची, शांतू, दूध बघ, आणि मी पातेलं उतरवेपर्यंत, "तर काय म्हणत होते, बापा..." म्हणून पुन्हा चालू. मागितलेलं मिळालं नाही की रुसायची. आज मी बोलणार नाही, असं त्यालाच बोलून सांगायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, बरं, झालं गेलं गंगेला मिळालं, म्हणून पुन्हा कणकेला हात घालायची. ऐकताना मला घाम फुटायचा. देवाची मला फार भीती होती आणि हिला ती कशी नाही, याची त्याहून जास्त.

कुसुमवहिनींचा मळा आहे. झेंडू आणि शेवंती करतात, सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, फुलं विकायला बसतात. मावशीच्या तिन्हीत्रिकाळच्या गप्पा भिंतीपलीकडून ऐकून त्यांची खात्री पटली होती की हिचं वर वजन आहे. एकदा सुनेच्या बाळंतपणाची काळजी लागली तेव्हा येऊन म्हणाल्या, "मावशी, तुमची लय ओळख हाय. माझं तेवढं सांगा ना." मावशीनं चहा दिला, पण वशिला लावायला साफ नकार. तुला तोंड नाही का, म्हणाली, लेकरू बापाशी बोलायला शेजारणीला पाठवतं का? वहिनी तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून आपल्या भाषेत जे बोलायचं ते बोलल्या. मावशी शेजारी गप्प बसून राहिली. ती गप्प बसलेली मी तेवढीच पाहिली.

माझी प्रार्थना म्हणजे मात्र निव्वळ अर्ज. मंडळीचा सेक्रेटरी म्हणून चर्चमध्ये मी छापील पुस्तकातून वाचायचो, तिथं अडचण नव्हती. पण एकदा मावशीच्या घरी प्रार्थनासभा होती आणि तिनं भर सभेत मला बोलायला उभं केलं. मी सुरुवात केली, "हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ पित्या, आम्ही खाली नमूद केलेले तुझे दीन सेवक सविनय सादर करतो की..." आमेन झाल्याबरोबर मावशीनं विचारलं, "जावक क्रमांक घातलास का?" मंडळी हसून हसून बेजार झाली. पाळकसाहेबांनी खोकल्याचं निमित्त केलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मीही हसलो. घरी जाताना मात्र मला खरंच वाईट वाटत होतं, कारण मला दुसरं काही येतच नव्हतं.

शेवटची भेट झाली तेव्हा ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मेथी निवडत होती. हृदय थकलंय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी पपई घेऊन गेलो होतो, अर्थातच बेल वाजवून, मग वळसा घालून. ती म्हणाली, "माझ्या मातीला पाळक काय वाचायचं ते वाचतील. पण कबरीपाशी प्रार्थना तू करायची. कागद न घेता." मी म्हटलं, लिहून आणतो की. तर म्हणे, लिहून आणलंस तर पेटीतून उठून बसेन. मी हसण्यावारी नेलं, पण ती बघत राहिली... आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मावशी, मला भीती वाटते. कशाची? मी म्हटलं, तो म्हणेल, हा कोण आला?

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "शांतू, बापाचं ते दार मोठ्या भावानं उघडलंय. क्रुसावर जीव देऊन उघडलंय. आणि तू बाहेर उभा राहून बेल वाजवत बसतोस. त्याला काय वाटत असेल रे?" तिनं जुडी पुन्हा उचलली आणि पपई कच्ची निघाली तर तुझ्या डोक्यात घालीन, असं सांगितलं.

तरी मी लिहिलंच. सवय जाते का? चांगला दोन्ही बाजूंनी भरलेला कागद, दफनाच्या दिवशी कोटाच्या खिशात. पण घरातून पेटी न्यायची वेळ झाली आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की पुढच्या दाराला कपाट आहे. पेटी मागून कशी न्यायची, बरं दिसत नाही, असं ज्येष्ठांचं मत पडलं. मग आम्ही पुरुषांनी कोट काढून खुंटीला लावले, परातीपातेली उपसली, कपाट ओढलं. दार मात्र फुगून चौकटीत असं बसलं होतं की कडी उपटून एकाच्या हातात आली. पाळकसाहेब घड्याळ बघायला लागले. तेव्हा खानावळीत जेवून मोठा झालेला, आता कुठंसा अधिकारी असलेला कळवणचा एक माणूस डोळे पुसत पुढे आला. म्हणाला, "मागूनच न्या. पुढून ती कधी गेली नाय." मग मावशी निघाली तिच्या रोजच्या वाटेनं, मोरीवरून, कढीपत्त्याला खेटून, आणि पाळकसाहेबांचा झगा त्या झाडात अडकला तो कुसुमवहिनींनी सोडवला. माझा कोट खुंटीलाच राहिला.

हे मला कबरीपाशी कळलं. माझं नाव पुकारलं गेलं, हात खिशाकडे गेला आणि खिसाच नाही. सगळे माना खाली घालून थांबले होते. मी तोंड उघडलं, सर्वसमर्थ आठवेना, सर्वज्ञ आठवेना. शेवटी म्हटलं, "बापा, मी शांतू..." पुढे शब्द फुटेना. कसंबसं आमेन म्हटलं आणि मागं सरलो. इतकी छोटी प्रार्थना आमच्या मंडळीत कोणी ऐकली नव्हती. काही जण तर ती सुरू व्हायचीच वाट बघत होते.

आता काही आठवडे झाले. मावशी गेल्याचं दूधवाल्याला सांगायला कोणाची जीभ रेटत नाही, त्यामुळे दूध येतंच. म्हणून रोज सकाळी मी जातो, वहिनीही येतात, दूध तापवून आम्ही चहा करतो. कपाट पुन्हा दाराला लावून टाकलंय. कोट अजून खुंटीला आहे, कागद त्याच्या खिशात, काढावासा वाटला नाही. काल गेलो तेव्हा स्कूटर लावली आणि सरळ कढीपत्त्याच्या बाजूनं आत आलो. स्टुलावर बसल्यावर ध्यानात आलं की आज मी बेल वाजवलीच नाही. मावशीची इतकी आठवण आली की बसवेना. गॅसवर दूध वर येत होतं.

"वहिनी, तेवढं दूध बघा," मी म्हटलं. "तर काय म्हणत होतो, बापा..."