‘निर्जन’मधली गर्दी

चहा ओता, म्हणजे सांगतो. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, ते माझ्याकडून शिका.

राजगडाच्या पायथ्याला, पाली गावात, मी चित्रं काढायला खोली घेतली होती. अमूर्त निसर्गचित्रं. म्हणजे डोंगर असतो, पण डोंगरासारखा दिसत नाही. पुण्यात माझं पहिलं प्रदर्शन होतं आणि सगळी मदार एका मोठ्या चित्रावर होती. नाव ‘निर्जन’. हिरवा-करडा अवकाश आणि त्यात एकच लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे मी. एवढ्या मोकळ्या जागेत चित्रकार दुसऱ्या कुणाला उभं करतो का?

घरमालक बबनतात्या चित्रापुढं येऊन उभे राहिले. ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, “लाल ह्यो कोन?”

म्हटलं, म्हाताऱ्याला जरा बरं वाटेल. “तुम्हीच की, तात्या.”

झालं. तात्यांनी ते गावभर सांगितलं. संध्याकाळी त्यांचे धाकटे भाऊ किसनआण्णा दारात हजर.

“दादा माज्या भाताच्या खाचरात काय करतोय?”

“आण्णा, ते खाचर नाही. अवकाश आहे.”

“आवकाश बांधाच्या अलीकडं का पलीकडं?”

त्याच बांधावरून दोघा भावांचा अबोला होता. आता हे पेटलं तर माझी वळकटी थेट एसटी स्टँडवर. मी निमूटपणे चित्रात एक बांध ओढला आणि त्याच्या पलीकडं आण्णांचा ठिपका काढला.

मग तात्यांच्या बायको, कोंडाकाकी, आल्या. “दोगं बांदावर. आन् भाकरी कोन नेनार?”

काकी काढल्या. काकी आल्या म्हणून जाऊबाई आल्या. जाऊबाईंमागं शेजार आला. शेवटी आण्णांची म्हैस. तिच्यात माझा काळा रंग संपला.

प्रदर्शनाला जीप भरून पाली आली. ‘निर्जन’समोर रेटारेटी करून प्रत्येकानं स्वतःला शोधलं. कलादालन चालवणाऱ्या बाईंनी एकदा नावाची पाटी वाचली, एकदा चित्र पाहिलं आणि निघून गेल्या. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात काकींनी विचारलं, “समदी हायती. तुमी कुटं?”

मीही बघायला लागलो. माझा ठिपका मी तात्यांना कधीच देऊन टाकला होता. उरलेल्यांतला एकही माझा नव्हता.

“मी तेव्हा वेल्ह्याच्या बाजाराला गेलो होतो,” मी म्हणालो.

काकींना ते लगेच पटलं. “व्हय. कामाच्या टायमाला तुमी कवाच गावत न्हाई.”