बावीस तारा

माझी बायको सहा महिन्यांसाठी म्हणून बंगळुरूला मुलीकडे गेली, त्याला आता चौथं वर्ष लागलंय. नात तेव्हा दीड वर्षाची होती. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीवाले, आणि सांभाळायला ठेवलेली बाई एका सोमवारी आलीच नाही. मी पाटबंधारे खात्यात होतो, निवृत्तीला आठ महिने उरले होते. "तुमचं संपलं की तुम्हीही या," असं ठरलं होतं. त्याप्रमाणे गेलोही. पण अकराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर कुठं बसावं तेच मला कळेना. सोफ्यावर बसलो तर जावयाची लॅपटॉपवर मीटिंग चाललेली, आतल्या खोलीत गेलो तर नात झोपलेली. दीड महिन्यात परत आलो. सोलापूरचं घर फार दिवस बंद ठेवून चालत नाही, असं सगळ्यांना सांगितलं.

इथं आल्यावर लक्षात आलं की वीस वर्षं ज्या गल्लीत राहिलो तिथल्या ओळखी सगळ्या तिच्या होत्या. लोक विचारायचे, "वहिनी कधी येणार?" मी म्हणायचो, "बघू." पुढं बोलणं सरकायचं नाही. नंतर नंतर तेही विचारेनासे झाले.

दर मे महिन्यात ते सगळे येणार असं ठरायचं आणि दर एप्रिलच्या शेवटी ते मोडायचं. मुलगी म्हणायची, "बाबा, तिकडे चव्वेचाळीसवर गेलंय. पोरीला नाही सोसणार." यात खोटं काहीच नव्हतं. सोलापूरच्या उन्हात माझ्यासारख्याचीही दुपारी घराबाहेर पडायची छाती होत नाही. म्हणून गेल्या वर्षी मार्चमध्येच मी मुलीला सांगितलं, "मी एसी बसवून घेतो. आता तरी याल ना?" ती खूश झाली. तिनंच फोनवरून मागवला आणि तिसऱ्या दिवशी खोकं दारात आलं.

बसवायला आलेला माणूस चाळिशीतला, बोलण्यावरून मंगळवेढ्याकडचा वाटला, आणि निघालाही तिकडचाच. त्यानं झोपायच्या खोलीतला बोर्ड उघडला, आतली वायर चिमटीत धरली आणि तसाच उभा राहिला.

"काका, ही कितीची हाय?"

"म्हणजे?"

"दीडची का अडीचची? जाडी म्हंतोय मी. एसीला अडीच तरी लागतीया. चारची आसली तर लई बेस. दीडवर चालीवला तर वायर तापतीया. भिंतीच्या आत जळाली तर तुमाला पत्त्या बी लागायचा न्हाय."

"वायरीवर लिहिलेलं असतं ना?"

"आसतंय की. पर ह्येच्यावर रंग बसलाय."

खरंच, बोर्डातून बाहेर आलेल्या वीतभर वायरीवर जुन्या डिस्टेंपरचा थर होता. त्यानं मेन बंद करून बोटभर तुकडा कापला आणि माझ्या हातावर ठेवला. "मला तर पातळच वाटतीया, पर नुसत्या नजरंवर सांगायचो न्हाय. आतल्या तारा मोजा. बावीस भरल्या तर दीड, छत्तीस भरल्या तर अडीच. दीड आसली तर आदी वायरमन बगून नवी लाइन वडून घ्या, मग मला बोलवा." त्याला अजून चार घरं करायची होती. तो गेला.

मी जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरला, सुरीनं वरचं रबर सोलून काढलं आणि तारा मोकळ्या केल्या. केसासारख्या बारीक. पहिल्यांदा चोवीस भरल्या. दुसऱ्यांदा एकवीस. पंख्याच्या वाऱ्यानं त्या हलत होत्या म्हणून पंखा बंद केला, तर चष्म्यावर घाम ठिबकायला लागला. तिसऱ्या वेळी आकडा सव्वीसवर गेला आणि मला बरं वाटलं. तेव्हा जाणवलं की मी मोजत नव्हतो, छत्तीसची वाट बघत होतो.

बायकोला फोन लावला. "घर बांधताना वायर कितीची घातली होती गं?"

"मला काय माहीत? तुम्ही तेव्हा बदलीवर अक्कलकोटला होता. वायरमन म्हणाला चांगली आहे, मी हो म्हटलं."

"काही बिल वगैरे?"

"अहो, वीस वर्षं झाली त्याला. थांबा, ही रडतीये. नंतर करते."

नंतर फोन आला नाही. मी केलाही नाही.

संध्याकाळी उजेडासाठी तो कागद घेऊन ओट्यावर येऊन बसलो. समोरच्या घरात एक तेलुगू कुटुंब दोन वर्षांपूर्वी राहायला आलं होतं. मुलगा आणि सून दोघंही शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात जायचे. मुलाचे वडील, पंचाहत्तरीचे, दिवसभर पायरीवर बसून असायचे. आम्ही एकमेकांना मान हलवायचो, तेवढंच. त्या दिवशी ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग काठी टेकत रस्ता ओलांडून आले.

"काय मोजलालाव साहेब?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी कागदावर नजर टाकली. "पांढऱ्यावर कसं दिसंल? काळं पायजे खाली." ते परत गेले आणि एक जुनी छत्री आणि एक छोटी घडीची काच घेऊन आले. कापडाच्या एका इंचात किती धागे बसलेत ते मोजायची ती काच. चाळीस वर्षं त्यांनी चादरींच्या मागावर काढली होती. कारखाना बंद पडला तेव्हा येताना ही काच खिशात राहून गेली, असं म्हणाले.

छत्रीच्या काळ्या कापडावर त्यांनी तारांचा पुंजका ठेवला, एक टोक अंगठ्याखाली दाबलं आणि नखानं एकेक तार बाजूला सारू लागले. ओठांतल्या ओठांत तेलुगूत मोजत होते. ओकटी, रेंडू, मूडू. तारेला लागली की बोटं एकदम नेमकी चालायची. दोनदा मोजून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"बावीस."

"नक्की? छत्तीस नाहीत?"

"साहेब, तुमाला पायजेत म्हणून तारा वाढणार न्हाईत."

मला हसू आलं. माणूस समोर असताना मी शेवटचा कधी हसलो होतो, ते आठवेना. "अण्णा, चहा घेणार का?" असं विचारलं. ते आत आले, खुर्चीवर टेकले आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "घरची माणसं कुटं हायती?" मी म्हटलं, बंगळुरूला. त्यांनी नुसतं "हं" केलं. परत कधी येणार, असं विचारलं नाही. मला ते बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी सात रस्ता चौकातल्या विजेच्या सामानाच्या एका दुकानात तो तुकडा दाखवला. काउंटरवरच्या म्हाताऱ्या मालकानं तो बोटांत फिरवला आणि म्हणाला, "दीडच आहे. आता सगळे स्क्वेअर एमएम बोलतात. आमच्या वेळी तीन-बावीस, सात-वीस असं असायचं. पहिला आकडा तारांचा, दुसरा तारेच्या जाडीचा. दुसरा आकडा मोठा, तर तार बारीक." मी चारची वायर घेतली आणि हे सगळं घोकत घरी आलो. कुणाला तरी सांगण्यासारखं काही तरी हातात आहे, या आनंदात मी सरळ समोरच्या पायरीवर गेलो.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सुताचं बी तसंच की. दोन-वीस म्हनजे वीस नंबरचे दोन धागे पिळून एक. नंबर वाढला की सूत बारीक." मग म्हणाले, "घरी कुणाला सांगायला गेलो तर कोन ऐकत न्हाय आता हे."

वायरमन आला आणि दोन दिवसांत मीटरपासून नवी लाइन ओढून गेला. त्यानं टाकलेला तुकडा अण्णांनी मागून घेतला आणि मोजला. छप्पन्न भरल्या. एसी बसला. खोली पहिल्यांदा गार झाली तेव्हा मी फोनवर व्हिडिओ काढून मुलीला पाठवला. उत्तरात तीन हसरे चेहरे आले.

मे महिन्यात त्या आल्या. जावयाला रजा नव्हती, म्हणून तिघीच. पंधरा दिवस ठरले होते, पाचच झाले. नातीला खोली फार आवडली. ती सकाळपासून तिथंच असायची, मोबाइल आणि पांघरूण घेऊन. मी दारात उभा राहून काही विचारायला गेलो की म्हणायची, "आबा, दार लावा ना, थंड जातंय." मी दार लावायचो आणि हॉलमध्ये येऊन बसायचो. बायकोनं पहिले दोन दिवस स्वयंपाकघरातले डबे उपसून घासले. मी लावून ठेवलेल्या मसाल्यांची जागा बदलली. ती गेल्यावरही मी डबे तसेच ठेवले.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. "शाळेत एकदा रुळली की येते मी कायमची. अजून वर्षभर."

"हं."

"तुम्ही चला ना तिकडे."

"घर बंद ठेवून चालत नाही," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला तिच्याकडे बघता आलं नाही. तिला माहीत होतं की हे कारण नाही, आणि खरं कारण मला नीट सांगता येत नव्हतं. तिथं मी त्यांच्यात असून एकटा पडतो आणि इथं नुसता एकटा असतो, यातलं दुसरं मला सोसतं, एवढंच. हे बायकोला कसं सांगायचं?

त्या गेल्यावर आठवडाभर मी त्या खोलीत गेलोच नाही. मग एका दुपारी अण्णा पायरीवर उन्हात बसलेले दिसले. सून कामावर, आत पत्रा तापलेला. मी हाताला धरून त्यांना घरी आणलं आणि एसी लावला. दोघेही पलंगाच्या कडेला बसलो. मग ते आडवे झाले आणि लगेच त्यांना झोप लागली. मी खुर्ची ओढून तिथंच वर्तमानपत्र वाचत बसलो. तासाभरानं ते दचकून जागे झाले आणि तेलुगूत कुणाला तरी हाक मारली. बाईचं नाव होतं. सुनेचं नव्हे, ते मला माहीत होतं; त्यांच्या बायकोचं, असं वाटलं, जी इथं कधी दिसली नव्हती. इकडंतिकडं बघितल्यावर आपण कुठं आहोत ते त्यांना कळलं असावं.

"चहा टाकतो," मी म्हणालो.

"नको. सून यील आता." गुडघे चोळत उठले. "लई गार हाय. हाडात शिरतंय."

मी त्यांना रस्ता ओलांडून पायरीपर्यंत सोडून आलो. पुन्हा ते त्या खोलीत आले नाहीत. ओट्यावर मात्र येतात अधूनमधून, ऊन उतरलं की. त्या दिवशी परत आल्यावर मी उशी सरळ केली, चादरीवरची सुरकुती हातानं सारखी केली आणि रिमोट शोधून एसी बंद केला.